आजीच्या ट्रंकेतला आल्बुकर्क

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखिका एक्केचाळीस वर्षांच्या आहेत आणि पुण्यात नोकरी करतात. मूळ गाव बांद्याजवळ. गेल्या वर्षी त्यांची आजी, म्हणजे वडिलांची आई, वारली. आजींचं माहेर पेडण्याचं. त्यांच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीखाली मेणकापडात गुंडाळलेलं नोटांचं पुडकं निघालं. त्यात 1945 सालच्या पाच आणि दहा 'रुपियां'च्या नोटा आहेत, 1959 च्या तीस आणि साठ 'एस्कुदों'च्या आहेत, आणि 1961 साल छापलेल्या शंभर एस्कुदोंच्या काही नोटा आहेत. त्या शेवटच्या नोटांवर एका मिशीवाल्या लष्करी माणसाचं चित्र असून वरून काळ्या अक्षरांत काहीतरी ठसठशीत छापलेलं आहे. बाकी सगळ्यांवर दाढीवाला आल्बुकर्क, म्हणजे गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी.

वडिलांनी नोटा पाहिल्या आणि ते उठून गेले. त्यांचे काका 1955 च्या गोवा सत्याग्रहात गेले होते आणि पोर्तुगीज पोलिसांच्या मारामुळे जन्मभर लंगडत होते. "हा चेहरा घरात नको," एवढंच वडील म्हणाले. आतेभावाचं म्हणणं, या नोटा लाखांना जातील. त्याने फोटो एका विक्रीच्या संकेतस्थळावर टाकलेही. त्यावरून एका 'अधिकाऱ्या'चा फोन आला. नोटा विकत घ्यायला तयार आहोत, पण आधी कर भरा, असं तो म्हणाला. पत्रलेखिकेला मात्र या नोटांनी झपाटून टाकलं आहे. पोर्तुगीज वसाहतींच्या नोटा जमवाव्यात, त्यांचा अभ्यास करावा असं त्यांना वाटतं, आणि असं वाटतं म्हणून अपराधीही वाटतं. त्या विचारतात: "गोवा मुक्त झाल्यावर आजीने हे पुडकं बंद करून ठेवलं असणार. आम्ही ते विकावं, संग्रहालयाला द्यावं, की ठेवावं? चुलतआजोबांना ज्यांनी मारलं त्यांच्या नोटा हौसेने जमवणं बरोबर आहे का? बाबा जुन्या विचारांचे आहेत, त्यांना कसं समजवू?"

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातली तातडीची गोष्ट आधी उरकते. त्या 'अधिकाऱ्या'ला एक पैसाही देऊ नका आणि आतेभावाला त्या जाहिरातीतले फोटो आजच काढायला सांगा. जुन्या नोटा-नाणी विकत घेतो म्हणून सांगायचं आणि त्यासाठी आधी कर, कमिशन किंवा नोंदणी फी मागायची, ही फसवणूक इतकी वाढली की रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला: बँक अशा व्यवहारात नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा खरेदीदार नोट पाहतो, भाव करतो आणि पैसे देतो. तो तुमच्याकडे पैसे मागत नाही.

आता त्या पुडक्याकडे येऊ. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "गोवा मुक्त झाल्यावर आजीने हे पुडकं बंद करून ठेवलं असणार." तुमची सगळी घालमेल या वाक्यावर उभी आहे. आणि तुम्ही केलेलं नोटांचं वर्णन बरोबर असेल, तर ते वाक्य खरं नाही.

मिशीवाल्या माणसाच्या त्या शंभर एस्कुदोंच्या नोटा गोव्याच्या नाहीत, मोझांबिकच्या आहेत. तुमचा गोंधळ अगदी साहजिक आहे. दोन्हीकडच्या नोटांवर बँकेचं नाव एकच, बांको नासियोनाल उल्त्रामारिनु. ही बँक 1864 मध्ये लिस्बनला स्थापन झाली आणि 1868 मध्ये तिची शाखा गोव्यात आली. मोझांबिक, केप व्हर्द, गिनी, साओ तोमे, तिमोर, मकाव अशा पोर्तुगालच्या बहुतेक वसाहतींच्या नोटा तीच काढत असे. अंगोलासाठी 1926 मध्ये वेगळी बँक झाली. मकावमध्ये तर या बँकेच्या नावाच्या नोटा आजही चालतात. त्यामुळे बँकेचं नाव वाचून नोट कुठली ते कळत नाही. नोटेवर प्रदेशाचं नाव शोधायचं असतं. तुमच्या त्या नोटांवर 'मोसांबीक' हा शब्द सापडेल. चित्रातला माणूस आयरेस द ऑर्नेलास. 1895 मध्ये पोर्तुगीजांनी दक्षिण मोझांबिकमधल्या गाझा राज्याविरुद्ध जी मोहीम काढली, त्यातला तो लष्करी अधिकारी. त्या राज्याचा राजा गुंगुन्याना याला पकडून अझोर्स बेटांवर नेलं. तो 1906 मध्ये तिथेच वारला. म्हणजे गोव्याच्या नोटेवर 1510 मध्ये गोवा घेणारा आणि मोझांबिकच्या नोटेवर गाझा घेणाऱ्यांपैकी एक. रोज सकाळी दूध-भाजी घेताना त्या त्या प्रदेशातल्या माणसाच्या हातात, त्यांना जिंकणाऱ्याचं चित्र असायचं. तुमच्या बाबांना जे एका नजरेत खुपलं ते हेच आहे, आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नाही.

पण त्या नोटांवर 1961 साल आहे ना? आहे, 27 मार्च 1961. ती तारीख नोटेच्या मूळ मालिकेची. आता वरून काळ्या अक्षरांत काय छापलंय ते भिंगातून बघा. मला खात्री वाटते की ते 'बांको द मोसांबीक' आहे. मोझांबिक 25 जून 1975 रोजी स्वतंत्र झाला. नव्या सरकारकडे स्वतःच्या नोटा तयार नव्हत्या, पण जुन्या बँकेच्या नोटांचा साठा होता. मग 1976 मध्ये त्याच नोटांवर नव्या मध्यवर्ती बँकेचं नाव छापून त्या चलनात आणल्या. स्वतःचं मेतिकाल हे चलन 1980 मध्ये आलं. तोवर स्वतंत्र मोझांबिकच्या बाजारात ऑर्नेलासच फिरत होता, डोक्यावर नव्या देशाचं नाव घेऊन.

याचा अर्थ असा की तुमच्या आजींच्या पुडक्यातल्या काही नोटा 1976 च्या आधी अस्तित्वातच नव्हत्या. गोवा मुक्त झाल्यावर किमान चौदा वर्षांनी कोणीतरी त्या आणून दिल्या आणि आजींनी ट्रंक उघडून, मेणकापड सोडून, त्या जुन्या नोटांसोबत ठेवल्या. 1961 मध्ये बंद झालेली आठवण, असं त्या पुडक्याचं तुम्ही मनात धरलेलं रूप बदलायला हवं. ते पुढेही कोणाच्या तरी येण्याजाण्याने वाढत होतं.

कोण आलं असेल? पेडण्याकडची, बार्देशकडची माणसं मोझांबिकमधल्या लोरेन्सो मार्किसला (आजचं मापुतो), बैराला नोकरी-धंद्यासाठी जात. आजींचा एखादा भाऊ, चुलतभाऊ, शेजारी आफ्रिकेत होता का, हे घरात विचारा. भारत आणि पोर्तुगालचे राजनैतिक संबंध 1955 मध्ये तुटले होते. डिसेंबर 1961 नंतर तर मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं, मालमत्ता गेल्या. लिस्बनमध्ये एप्रिल 1974 मध्ये क्रांती झाली, 31 डिसेंबर 1974 ला दोन्ही देशांचा करार झाला आणि संबंध पुन्हा जुळले. त्यानंतरच्या दोनतीन वर्षांत मोझांबिकमधून पुष्कळ कुटुंबं बाहेर पडली. एखादा भाऊ इतक्या वर्षांनी बहिणीला भेटायला आला असेल आणि खिशात उरलेल्या, इथे कोणीही न घेणाऱ्या नोटा तिच्या हातावर ठेवून गेला असेल. ही माझी कल्पना झाली. खरं काय ते तुमच्या घरातल्या कोणाला तरी अजून माहीत असण्याची शक्यता आहे, आणि ते माणूस असेतोवर विचारणं हे नोटांच्या कुठल्याही निर्णयापेक्षा निकडीचं आहे.

आता गोव्याच्या नोटांबद्दल. तुमचा गोव्याच्या नोटांचा अभ्यास इथूनच सुरू होऊ शकतो. पोर्तुगीज हिंदुस्थानात 1958 पर्यंत हिशेब रुपियांत चालायचा. एका रुपियाचे सोळा टांगा. बँकेला नोटा काढण्याचा अधिकार मिळाल्यावर 1906 ची पहिली मालिका आली. ऑक्टोबर 1917 च्या तारखेच्या लहान किमतीच्या नोटा तर फार वाचनीय आहेत: चार टांगा, आठ टांगा, एक रुपिया, अडीच रुपिया. पहिल्या महायुद्धाने चांदी महाग आणि दुर्मिळ करून टाकली होती. ब्रिटिश हिंदुस्थानातही एक रुपयाची नोट 1917 मध्येच आली आणि अडीच रुपयांची 1918 मध्ये. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना सरकारं वेगळी, पण चांदीची टंचाई एकच.

तुमच्याकडच्या पाच आणि दहा रुपियांच्या नोटा 29 नोव्हेंबर 1945 च्या मालिकेतल्या. तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, 18 जून 1946 ला, राममनोहर लोहियांनी मडगावात सभेसाठी पाऊल टाकलं आणि गोव्यात नागरी स्वातंत्र्याचा लढा पेटला. नोटेवर आल्बुकर्क आहे, मागच्या बाजूला शिडाची गलबतं आहेत, बँकेच्या शिक्क्यात आगबोट आहे. मडगावच्या मैदानावरचं मात्र त्यात काहीच नाही. नोट ही काढणाऱ्या सरकारची बाजू सांगते, आणि ती बाजू सोडून काहीच सांगत नाही. हे एकदा नीट उमगलं की नोटेचा चेहरा पाहण्याची भीतीही जाते आणि भुरळही.

मग 2 जानेवारी 1959 ची शेवटची मालिका. मला वैयक्तिकरीत्या ही सगळ्यांत आवडते, कारण तिच्या आकड्यांतच लोकांचा हिशेब दिसतो. तीस, साठ, शंभर, तीनशे, सहाशे आणि हजार एस्कुदो. तीस आणि साठ हे कुठले विचित्र आकडे? लिस्बनने आपला एस्कुदो गोव्यावर आणला तेव्हा एका रुपियाला सहा एस्कुदो असा दर धरला. म्हणजे तीस एस्कुदो म्हणजे पाच रुपिया, साठ म्हणजे दहा, तीनशे म्हणजे पन्नास, सहाशे म्हणजे शंभर. चलन बदललं तरी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली बाई मनातल्या मनात रुपियांतच मोजणार, हे नोट छापणाऱ्यांनाही मान्य करावं लागलं. सरकारी कागदावर सामान्य माणसाची सवय उमटलेली अशी उदाहरणं फार थोडी सापडतात. तुमच्या दोन्ही एस्कुदो नोटा याच जातीच्या आहेत. तीन वर्षं व्हायच्या आत, 19 डिसेंबर 1961 ला, गोवा मुक्त झाला आणि त्याच सहाला एक या दराने भारतीय रुपया आला.

बांद्याच्या घरात या नोटा पोचल्या कशा, याचं एकच उत्तर धरून बसू नका. 1954 पासून भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली होती, ये-जा परवान्यावर होती. तरी माहेर-सासर तुटत नाही. आजींना माहेरून ओवाळणी आली असेल. घरातला कोणी डिचोली-साखळीकडच्या खाणींवर मजुरीला गेला असेल. त्या काळात तिथे लोखंडाच्या खाणी जोरात होत्या आणि सरहद्दीबाहेरची माणसं कामाला जात. किंवा चोरट्या मालाचा व्यवहारही असेल. त्या पट्ट्यात तेव्हा तो काही गुपित नव्हता. हे शेवटचं ऐकून दचकू नका. घराचा इतिहास लिहायचा तर तो सोयीचाच निघेल असं नाही.

आता बाबा. तुम्ही लिहिलंय, बाबा जुन्या विचारांचे आहेत. मला तसं वाटत नाही. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या, वीसहून जास्त माणसं मारली गेली. पत्रादेवीला जिथे हे घडलं तिथे आज हुतात्मा स्मारक आहे, आणि पत्रादेवी बांद्याच्या अगदी उशाला. मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांच्या तुकडीवर झालेल्या अमानुष मारहाणीच्या हकिकती तेव्हा महाराष्ट्रभर पोचल्या होत्या. तुमच्या बाबांना हे वाचून कळलेलं नाही. त्यांनी काकांना लंगडताना पाहिलं आहे. त्यांच्यासाठी तो चेहरा म्हणजे काकांचा पाय आहे.

शिवाय त्यांना दुसरंही काही लागलं असावं, असं तुमचं पत्र वाचून वाटतं. ज्या घरातला माणूस पाखल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काठ्या खाऊन आला, त्याच घरात त्यांची स्वतःची आई पाखल्यांचे पैसे जपून ठेवत होती. आणि आईला विचारायची सोय आता उरली नाही. हा राग नोटांवर निघतोय, पण त्याच्या मुळाशी आईबद्दलचा प्रश्न असू शकेल. म्हणून बाबांना 'समजवायला' जाऊ नका. त्यांच्यासमोर नोटा ठेवून सुरुवात तर मुळीच करू नका. एक वही घेऊन बसा आणि आधी काकांबद्दल विचारा. कुठल्या तुकडीतून गेले, कोणाबरोबर गेले, किती दिवसांनी परत आले, घरी आल्यावर पहिल्यांदा काय बोलले. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. मग कधीतरी, त्यांची तयारी दिसली तर, मोझांबिकच्या नोटांची ही गोष्ट सांगा. आजींनी ते पुडकं 1976 नंतर उघडलं होतं हे कळल्यावर त्यांना बहुधा आठवेल की त्या सुमाराला घरी कोण येऊन गेलं होतं. आईने पोर्तुगिजांना जपलं नव्हतं, भावाला जपलं होतं, असं निघू शकेल. किंवा तसं काहीच निघणार नाही. दोन्हीसाठी तयार राहा.

तोवर नोटा तुमच्याकडे पुण्यात असू द्या. 'हा चेहरा घरात नको' या म्हणण्याचा मान त्यांच्या घरात राखायला काहीच हरकत नाही.

जमवणं बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न मी टाळत नाही. माझं उत्तर आहे, होय, पण हौस कशाची आहे ते स्वतःशी तपासून. जुन्या जमान्याचा थाट, पोर्तुगीज वाडे, 'ते दिवस काही औरच' असल्या ओढीने कोणी या नोटा जमवत असेल, तर तुमच्या चुलतआजोबांच्या वतीने मलाही वाईट वाटेल. तुम्ही मात्र पत्रात विचारलंय की तीसचीच नोट का, पन्नासची का नाही. ही ओढ समजून घेण्याची आहे. आणि ज्या बँकेने या नोटा काढल्या तिची दुसरी बाजूही तुमच्या वहीत असायला हवी. गोव्यातल्या लोकांनी या बँकेत गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने मुक्तीच्या आधी लिस्बनला हलवले गेले, आणि दोन्ही देशांतल्या लांबलचक वाटाघाटींनंतर ते भारतात परत आले ते 1991 मध्ये. कितीतरी बायका आपलं मंगळसूत्र परत बघायला तोवर राहिल्या नव्हत्या. नोटेशेजारी ही हकिकत ठेवली की आल्बुकर्क कितीही रुबाबदार काढलेला असो, त्याचा प्रभाव पडत नाही.

आतेभावाच्या लाखांबद्दल. मोझांबिकच्या त्या 1976 च्या नोटा जगभरच्या संग्राहकांच्या बाजारात ढिगाने मिळतात, अगदी कोऱ्याही, आणि स्वस्त मिळतात. गोव्याच्या नोटा त्या मानाने दुर्मिळ आहेत, कारण प्रदेश लहान, नोटा कमी छापल्या आणि मुक्तीनंतर बहुतेक बदलून घेतल्या गेल्या. पण दुर्मिळांतही मोठा मान 1906 आणि 1917 च्या जुन्या नोटांना आणि नंतरच्या मालिकांतल्या मोठ्या किमतींना असतो. तुमच्याकडच्या लहान किमतीच्या आहेत. त्यात पुन्हा प्रत महत्त्वाची. कोरी नोट आणि चार घड्या पडलेली नोट यांच्या भावात कित्येक पटींचा फरक पडतो, आणि तुमच्या नोटा मेणकापडात दुमडून साठ वर्षं राहिल्या आहेत. कोणी संकेतस्थळावर किती किंमत लावली आहे ते बघून काही कळत नाही, तिथे वाटेल तो आकडा टाकता येतो. नामांकित लिलावात तशीच नोट, त्याच प्रतीची, प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. शोधताना नोटेचा पिक क्रमांक वापरा. आल्बर्ट पिक या जर्मन संग्राहकाच्या वर्गवारीवरून आलेला हा क्रमांक जगभर चालतो, आणि त्यामुळे गोव्याची शंभर आणि मोझांबिकची शंभर यांची गल्लत होत नाही. पोर्तुगालच्या बँकेत बदलून मिळतील का, हेही काही वाचक विचारतात. नाही. पोर्तुगालच्या स्वतःच्या एस्कुदो नोटासुद्धा फेब्रुवारी 2022 अखेरपर्यंतच बदलून मिळत होत्या, आणि या तर त्या नव्हेतच.

विकायच्याच झाल्या तर पुण्या-मुंबईत नाणी-नोटांची प्रदर्शनं भरतात, तिथे जाऊन दोनतीन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांना दाखवा आणि त्या दिवशी विकू नका. परदेशातला गिऱ्हाईक सापडला तर पाकीट टपालात टाकण्याआधी थांबा. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांच्या वस्तू येतातच, पण ऐतिहासिक मूल्य असलेले पंच्याहत्तर वर्षांचे दस्तऐवजही येतात, आणि अशा गोष्टी खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 1945 च्या नोटांना पंच्याहत्तर वर्षं केव्हाच झाली. त्या यात मोडतात की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारून घ्या.

संग्रहालयाला देणं ही चांगली इच्छा आहे, पण लहान किमतीच्या सुट्या नोटा बहुतेक संग्रहालयांत आधीच असतात आणि नव्या आलेल्या कपाटात जातात. पणजीचं राज्य संग्रहालय किंवा मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय, कुठेही आधी पत्र लिहून विचारा. पुडकं फोडू नका. मेणकापडासकट, आजींच्या नावासकट, बाबांनी सांगितलेल्या हकिकतीसकट द्यायचं ठरवलंत तर संग्रहालयाला त्यात खरा रस वाटेल, कारण अशी नोट दुसरीकडून मिळत नाही. त्यामुळेही वही आधी, दान नंतर.

राखण्याचं बोलू. तुम्ही लिहिलंय की घड्या काढायला इस्त्री फिरवावी असा विचार आहे. कृपा करून नको! इस्त्री, धुणं, खोडरबर, चिकटपट्टी, लॅमिनेशन, यांतलं काहीही केलं की नोटेची किंमतही जाते आणि कागदही. कडक, स्वच्छ पॉलिएस्टरची पाकिटं मिळतात, व्यापारी त्यांना मायलार म्हणतात. एका पाकिटात एकच नोट. बाजारातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे आल्बम टाळा, काही वर्षांत ते कागदाला चिकटतात. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला. नोटेवर काही लिहू नका, पाकिटावर चिठ्ठी लावा. हात कोरडे असावेत. पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, आणि पुडकं ज्या क्रमाने उघडलं तो क्रम आठवत असेल तर तोही लिहून ठेवा. कुठली नोट वर होती, कुठली तळाला, यावरून कोणती कधी आली याचा माग लागू शकतो.

पुढे विकत घ्याल तेव्हा एक सावधगिरी. गोव्याच्या जुन्या नोटांच्या नकलाही बाजारात आहेत. भिंगाखाली पाहिलं तर अस्सल छपाईत रेषा सलग दिसतात, घरच्या छपाईयंत्राच्या नकलेत रंगाचे ठिपके दिसतात. अतिनील दिव्याखाली आजचा साधा कागद निळसर चमकतो, जुन्या नोटेचा सहसा चमकत नाही. तुमच्याकडे आजींच्या हातच्या अस्सल नोटा आहेत, त्या शेजारी धरून तुलना करता येईल. ही सोय नव्या संग्राहकाला क्वचित मिळते.

आणि सगळ्या वसाहतींच्या मागे लागू नका. अंगोला, गिनी, तिमोर, मकाव असं पसरलात तर पैसा जाईल आणि समज उथळ राहील. पेडणे, बांदा आणि लोरेन्सो मार्किस, एवढ्याच रेषेवर जमवा. पहिली खरेदी म्हणून मी तर नोट सुचवणारच नाही. 1959 चं सहा एस्कुदोंचं नाणं शोधा, तांबं-निकेलचं. एका रुपियाइतकं मोल असलेलं ते नाणं, त्यामुळे तीस आणि साठच्या नोटांचा हिशेब त्यातून हातात धरता येतो. प्रदर्शनांत ते दिसतं आणि परवडतं. घेताना घासून चकचकीत केलेलं घेऊ नका, मळकट पण न घासलेलं बरं.